दुष्काळात भाव वाढतो, पण तो कुणाच्या पदरात पडतो?



मोंढ्यात, चहाच्या टपरीवर, टीव्हीवरच्या चर्चेत एक वाक्य कान किटेपर्यंत ऐकलंय. "पीक कमी आलं की भाव वाढतो, म्हणजे शेतकऱ्याचं बरोबर निघतं." बोलणारा शहाण्यासारखी मान हलवतो आणि आपले काही लोकही त्याला हो म्हणतात. हे वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं आहे. आज ते आकड्यांनी दाखवतो.

आपल्याकडचं उदाहरण दिलं की लगेच कारणं पुढे येतात. तुकडे लहान, शेतकरी अडाणी, यंत्रं नाहीत, विमा नीट नाही, साठवायला गोदाम नाही. म्हणून मुद्दाम असं ठिकाण घेतलंय जिथं यातलं एकही कारण चालत नाही. कॅनडाचा प्रेअरी प्रदेश, म्हणजे अल्बर्टा, सास्काचेवान आणि मॅनिटोबा हे तीन प्रांत. साल २०२१. मी तिकडं गेलेलो नाही. तिथल्या सरकारी आकडेवारीवरून आणि तिथल्या शेतकरी संघटनांनी त्या वेळी केलेल्या मागण्यांवरून लिहितोय.

आता कुणी म्हणेल, कॅनडाचं आपल्याला काय? तर ताटात बघा. सांगली-कोल्हापूरकडं ढाब्यावर अख्खा मसूर खाता, त्यातला बराच मसूर वर्षानुवर्षे सास्काचेवानातून येतो. पिवळा वाटाणा तिकडचा. तो आला की आपल्या तुरीचा आणि हरभऱ्याचा भाव बसतो, हे मोंढ्यात उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. तिकडचं आभाळ आपल्या खळ्यावर असं येतं.

आधी जमीन समजून घ्या

सास्काचेवानात एका शेतकऱ्याची जमीन सरासरी सतराशे एकरांच्या पुढे आहे. ऐकून डोळे फिरतात. पण तिथं वर्षाला एकच पीक. मे महिन्यात पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी, मग बर्फ. दक्षिण भागात वर्षाचा पाऊस साडेतीनशे ते चारशे मिलिमीटर, तोही बर्फ धरून. आपल्या सोलापूरकडं यापेक्षा जास्त पडतो. म्हणजे हा सगळा कोरडवाहूच मामला. ओलीत फार थोडं. तिकडचं पीक आदल्या हिवाळ्याच्या बर्फावर, जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर आणि जून-जुलैच्या पावसावर उभं असतं.

१८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर नावाच्या माणसानं हा मुलूख पाहिला आणि दक्षिणेकडचा मोठा पट्टा शेतीला फार कोरडा आहे असं लिहून ठेवलं. पुढे सरकारला वस्ती वाढवायची होती, तेव्हा दुसरे तज्ज्ञ आले आणि त्यांनी जमीन उत्तम असल्याचं सांगितलं. लोक गेले, नांगर चालले, आणि १९३० च्या दशकात तीच माती धुळीचे लोट होऊन उडाली. सरकारला पाहिजे तो अहवाल निघतो आणि भोगतो कास्तकार, हे आपल्याकडचंच आहे असं नाही.

२०२१ मध्ये पिकात काय झालं

ज्या भागांत सर्वांत जास्त फटका बसला, तिथं ओल आधीच कमी होती. आदला हंगाम कोरडा गेला, बर्फ कमी पडला. पेरणीला वरची ओल बेताची आणि खालची त्याहून कमी. तरी पेरलं. पेरल्याशिवाय शेतकरी राहतो का?

मग जूनच्या अखेरीस उष्णतेचा घुमट बसला. २९ जून २०२१ ला ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावी ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव आगीत जळालं. लिटन डोंगरापलीकडचं, प्रेअरीतलं नव्हे. पण तीच उष्णता डोंगर ओलांडून धान्याच्या पट्ट्यावर आली. दिवसच्या दिवस पारा पस्तिशीच्या पुढे.

आपल्याला पस्तीस म्हणजे काहीच वाटणार नाही. पण पीक कोणतं ते बघा. गहू, जव, वाटाणा, मसूर, कॅनोला ही सगळी थंडीची पिकं. आपला गहू फेब्रुवारीत ऊन चढलं की कसा धावत पिकतो आणि दाणा चिमतो, ते डोळ्यांसमोर आणा. त्यात तिकडं जूनअखेर दिवस सोळा तासांच्या वर असतो. सोळा तास ऊन आणि खाली ओल नाही.

कॅनोला म्हणजे मोहरीच्या जातीचं पीक. ते नेमकं त्याच दिवसांत फुलावर होतं. तिशीजवळ तापमान टिकलं की परागकण कमजोर होतात, फूल गळतं, शेंग धरत नाही. नुसती दांडी उभी राहते. वाटाण्याची आणि मसुराची तीच गत, फूल आलं आणि गळालं. गव्हात आधी फुटवे मेले, ओंबी आखूड निघाली, आणि दाणा भरायचे दिवसच कमी झाले. रोप तापलं की पानांवरची छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं खरं, पण अन्न तयार होणंही थांबतं. रात्री गरम राहिल्या की दिवसा कमावलेलं झाड रात्रीच खर्च करतं.

म्हणून कृषी खात्यातल्या मित्रांना एक सांगणं आहे. पावसाचा खंड किती दिवसांचा एवढंच मोजू नका. त्या खंडात पीक कोणत्या अवस्थेत होतं आणि ऊन किती होतं, तेही मांडा. वीस दिवसांचा खंड ढगाळ हवेत पडला तर पीक तग धरतं. तोच खंड फुलावर आणि झळांमध्ये पडला तर संपलं. पर्जन्यमापकात हा फरक दिसत नाही.

ऑगस्टात काही भागांत पाऊस आला. उशिराच्या पावसानं पिकलेल्या झाडांना खालून नवे हिरवे फुटवे आले. वर वाळलेला दाणा, खाली हिरवं गवत, आणि कापणीला नवी अडचण. त्यातच नाकतोड्यांचा सुळसुळाट.

आकडे ऐका. कॅनडाचा गहू २०२० मध्ये सुमारे साडेतीन कोटी टन होता, २०२१ मध्ये सव्वादोन कोटी टनांच्या आसपास आला. पास्त्याचा कडक ड्युरम गहू निम्म्याहून कमी झाला. वाटाणा सुमारे ४६ लाख टनांवरून २३ लाखांवर. मसूर सुमारे २९ लाखांवरून १६ लाखांवर. कॅनोला चौथ्या हिश्श्याहून जास्त घटला. ही देशाची बेरीज झाली. बेरजेत एखाद्याला एकरी चांगलं आलं आणि एखाद्यानं मळणीयंत्र शेतात घातलंच नाही, हे दोन्ही बुडून जातं.

आता भावाकडं या

भाव वाढला का? वाढला, आणि भरपूर वाढला. वायद्यात कॅनोला जुलै २०२१ मध्ये टनाला ९०० डॉलरच्या पुढे गेला. टीव्हीवरच्या साहेबांच्या हिशेबानं शेतकरी खूश व्हायला पाहिजे. पण कागद बघा.

तिकडचा शेतकरी पेरणीच्या आसपासच पिकाचा काही भाग कंपनीला आगाऊ विकतो. टनाला अमुक भाव, अमुक महिन्यात, अमुक टन माल देईन, असा करार. यात वेडेपणा काहीच नाही. बँकेला, सल्लागाराला, सगळ्यांना हेच पाहिजे असतं, आणि डोक्यावर खताचे आणि यंत्रांचे हप्ते असतात. पण करार एकराचा नसतो, टनांचा असतो. पीक येवो न येवो, तेवढे टन देणं लागतो. कमी पडले तर करार मोडून घ्यावा लागतो, म्हणजे ठरलेला भाव आणि आजचा भाव यातला फरक कंपनीला भरायचा, वर कंपनीचा आकार वेगळा.

एक हिशेब मांडतो. हे एका माणसाचं खरं खातं नाही, समजायला सोपे आकडे धरलेत. एकानं ४०० एकर कॅनोला पेरला. ३२० टनांची आशा. त्यातला निम्मा, १६० टन, वसंतात टनाला ६०० डॉलरनं विकून ठेवला. निम्माच विकला, म्हणजे माणूस सावध आहे. उन्हानं पीक मारलं आणि हातात आले १०० टन. बाजारात भाव ९००.

आता १०० टन करारातच गेले, भाव ६००. मिळाले ६०,००० डॉलर. उरले ६० टन, जे त्याच्याकडं नाहीतच. टनामागं ३०० चा फरक म्हणजे १८,००० डॉलर भरायचे. हातात राहिले ४२,०००. शंभर टनांना भागलं तर टनाला ४२० डॉलर पडले. बाजारात नऊशेचा भाव आणि त्याच्या पदरात चारशे वीस. कंपनीचा आकार अजून वजा केलेला नाही. बियाणं, खत, डिझेल, हप्ता तर सगळा चारशे एकरांचाच लागलेला.

बघा गंमत. भाव जितका चढला तितकं त्याचं देणं वाढलं. जो भाव त्याला तारणार होता, तोच त्याच्या मानगुटीवर बसला. नऊशे मिळाले कुणाला? ज्याच्या कोठारात आदल्या वर्षीचा माल होता त्याला. ज्याच्यावर पाऊस पडला त्याला. ज्याच्याकडं साठा होता त्या व्यापाऱ्याला. भाव मालाला मिळतो. दुष्काळ पडला म्हणजे माल नाही. मग दुष्काळग्रस्ताला भाव मिळणार कसा?

सास्काचेवान आणि मॅनिटोबातल्या शेतकरी संघटनांनी त्या वर्षी धान्य कंपन्यांना जाहीरपणे सांगितलं की दंड आणि आकार माफ करा, सवलत द्या. मागणी काय होती बघा. माल फुकट घ्या असं कुणी म्हटलं नव्हतं. पीक जळालेल्या माणसाच्या डोक्यावर वरचा बोजा टाकू नका, एवढंच.

"सही तर त्यानंच केली होती"

हा आक्षेप येणारच, आणि त्यात तथ्य आहे तेवढं मान्य करू. कंपनीनंही तो माल पुढे कुणाला तरी विकलेला असतो. तिलाही तो नऊशेनं आणून भरावा लागतो. करार म्हणजे करार, नाहीतर उद्या भाव पडल्यावर कंपनी तोंड फिरवेल. हे सगळं खरं.

पण मग सांगा, ओझं कुणाच्या पाठीला पेलतं? कंपनीची गोदामं तीन प्रांतांत, बंदरं, जहाजं, देशोदेशीचा माल. एका ठिकाणी पाऊस नाही तर दुसरीकडून उचलेल. शेतकऱ्याचं शेत एकाच आभाळाखाली. जोखीम वाटायची असेल तर ती रुंद पाठीवर टाकतात. इथं उलट झालं. कंपनीनं भावाची जोखीम झटकली आणि शेतकऱ्यानं भावाची, पावसाची आणि उन्हाची, तिन्ही घेतली.

आणि हे बदलता येत नाही असं कुणी सांगू नये. तिकडंच डाळवर्गीय आणि काही खास पिकांच्या करारांत 'देवाची करणी' नावाचं कलम असतं. नैसर्गिक आपत्तीनं पीक गेलं तर न आलेल्या मालाचं देणं माफ. गहू-कॅनोलाच्या नेहमीच्या करारात ते बहुधा नसतं. एका पिकाला जमतं तर दुसऱ्याला का नाही? आपली म्हण अस्मानी आणि सुलतानीची आहे. ऊन ही अस्मानी. कलम गाळणं ही सुलतानी. दोन्ही एकाच नावानं खपवू नका.

२०१२ पर्यंत तिकडचा गहू आणि जव कॅनेडियन व्हीट बोर्डामार्फत एकत्र विकला जायचा. त्या बोर्डाबद्दल तिथल्या शेतकऱ्यांत दोन तट होते, ते आजही आहेत. पण ती मक्तेदारी संपल्यावर एक गोष्ट पक्की झाली. टेबलाच्या एका बाजूला जगभर पसरलेली कंपनी आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस.

जनावरवाला विसरू नका

भाव वाढला की शेतकऱ्याचं भलं, असं म्हणणारे गुराख्याला शेतकरी धरतच नाहीत. प्रेअरीत गाई पाळणारे हजारो आहेत. कुरणं करपली, तळी आटली, उरलं त्या पाण्यात क्षार वाढले. चारा-धान्याचा भाव वाढला तो यांच्याच खिशातून. पैदाशीच्या गाई विकाव्या लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेला कळप एकदा मोडला की दोन वर्षांत उभा राहत नाही. पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी गवताच्या गाठी पश्चिमेला पाठवल्या. तिथल्या केंद्र सरकारनं ५० कोटी डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली, तीही मुख्यतः जनावरवाल्यांसाठी.

त्यांच्याकडून घ्यायचं ते घेऊ

नुसती ओरड करायची नाही. तिकडं दोन गोष्टी चांगल्या चालल्या.

एक, माती उडाली नाही. १९३० नंतर आणि विशेषतः गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी नांगर जवळपास सोडला. धसकटं उभी ठेवून त्यातच पेरतात. धसकटांत बर्फ अडकतो, ओल टिकते, वारा माती नेत नाही. २०२१ ला पीक गेलं, पण शेत जागेवर राहिलं. आपल्याकडं शून्य मशागत करणाऱ्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. यातही सरकारनं उलटा कारभार केलाच. सास्काचेवानातल्या इंडियन हेडची रोपवाटिका १९०१ पासून शेतकऱ्यांना वारा अडवणारी झाडं द्यायची, ती २०१३ मध्ये बंद केली. सर्वांनी मिळून करायची कामं गुंडाळायची आणि शेतकऱ्याला 'जोखीम व्यवस्थापन' शिकवायचं, ही हुशारी तिकडंही आहे.

दोन, विमा. सास्काचेवानातला पीकविमा शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताच्या मागच्या उत्पादनावर ठरतो. त्याच्या शेतात कमी आलं तर भरपाई, शेजारच्या मंडळात काय आलं याच्याशी संबंध नाही. हप्त्याचे चाळीस टक्के शेतकरी भरतो, साठ टक्के सरकारं. २०२१ मध्ये करपलेलं पीक चाऱ्यासाठी कापू द्यायला नियमही सैल केले. आपल्याकडं महसूल मंडळातल्या मोजक्या पीक कापणी प्रयोगांवर माझ्या शेताचं नशीब ठरतं. माझं गेलं आणि प्रयोगाचा प्लॉट वाचला, तर माझं गेलंच नाही.

पण तो विमासुद्धा पिकाचा आहे, कराराचा नाही. भरपाईची रक्कम आली आणि ती करार मोडायला गेली, असं झालं तर तो विमा कुणाचा झाला? कंपनीचा.

आणि आपल्या दारात

२०२१ च्या जुलै अखेरीस, तिकडं मसूर शेतात वाळत असताना, आपल्या केंद्र सरकारनं मसुरावरचं मूळ आयात शुल्क शून्य केलं आणि कृषी उपकरही निम्म्यावर आणला. पुढच्या वर्षी मार्च २०२२ आला, १९०१ पासूनच्या नोंदीतला देशातला सर्वांत उष्ण मार्च. उत्तरेत गव्हाचा दाणा चिमला. जगात भाव चढले होते, आणि १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद झाली. म्हणजे तिकडं वाढलेला भाव कराराच्या कागदात अडकतो, इकडं सरकारी अधिसूचनेत. दोन्हीकडं दुष्काळ शेतकऱ्याचा आणि भाव दुसऱ्याचा.

खाणाऱ्याला स्वस्त मिळावं याला माझा विरोध नाही. पण ते माझ्या पडलेल्या पिकातून देऊ नका. तिजोरीतून द्या.

मागच्या हंगामाआधी आमच्या गावात एका खासगी कंपनीचा माणूस करारनामा घेऊन आला होता. पाच पानं. प्रतवारी, ओलावा, पोती, वजावट, सगळं बारीक अक्षरात. पाऊस हा शब्द एकदाही नव्हता. मी विचारलं, "साहेब, पाऊसच नाही पडला तर?" म्हणाला, "तसं होत नाही काका." मी कागद परत दिला.

म्हणून माझं म्हणणं तीन ओळींत मांडतो.

१. कोणताही करार टनांवर नको, एकरांवर हवा. एवढ्या एकरांत जे येईल ते देईन. टनांवरच हवा असेल तर आपत्तीचं कलम छापलेलं असलंच पाहिजे.

२. विम्याचं मोजमाप शेताजवळ आणा, आणि त्यात पावसाबरोबर फुलोऱ्यातलं आणि दाणे भरतानाचं तापमान धरा.

३. भाव वाढल्यावर आयात-निर्यातीचे दरवाजे हलवायचे असतील, तर त्याच आदेशात दुष्काळग्रस्ताच्या तोट्याची भरपाईही लिहा.

येत्या हंगामात तुमच्या पुढ्यात असा कागद आला तर आधी शेवटचं पान वाचा. सतराशे एकर, उपग्रहावर चालणारी यंत्रं आणि स्वतःच्या शेताचा विमा असलेला माणूस त्या पानात अडकला. आपण तर पाच-दहा एकरवाले.

आणि पुन्हा कुणी म्हणालं की पीक कमी आलं तर भाव वाढतो, तर त्याला एवढंच विचारा: किती पोती होती रं त्याच्याकडं विकायला?